सूर्याची चौकशी, मुक्काम विजयदुर्ग

सिंधुदुर्गात नवा माणूस एसटीतून उतरला की त्याची चौकशी पाच प्रश्नांत पुरी होते. खयसून इलास? कोणाकडे उतरलास? काम काय? कितके दिवस रवतलास? आणि परत केवा जातलास? या पाचांची उत्तरे मिळाल्याशिवाय चहा पुढे येत नाही आणि मिळाल्यावर चहा घेतल्याशिवाय सुटका होत नाही. प्रश्नांत भोचकपणा नसतो. किनाऱ्याला लागलेल्या प्रत्येक गोष्टीची, मग ते गलबत असो, वादळ असो की सरकारी योजना, नोंद ठेवायची ही शेकडो वर्षांची सवय आहे.

त्यामुळे २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा टीव्हीसमोर टाळ्या वाजवून झाल्यावर पडव्यापडव्यांतून चौकशी सुरू झाली. थय कोण आसा? कोणी नाही. मग उतरलो कोणाकडे? कोणाकडेच नाही. कितके दिवस रवतलो? चौदा. इथवर सगळे ठीक होते. परत केवा येतलो, या पाचव्या प्रश्नावर मात्र गाडी अडली. येणारच नाही म्हटल्यावर जाणत्या मंडळींचे चेहरे पडले. चाकरमानी मुंबईला जातो तोसुद्धा गणपतीला परत येतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला चंद्रावर रात्र पडायच्या बेताला लँडर आणि रोव्हर या दोघांना झोपवले, रात्र सरल्यावर हाका मारल्या, पण दोघांनीही ओ दिली नाही. ‘घरचा माणूस बरोबर नसल्यार उठवतलो कोण?’ हा शेरा भाबडा वाटेल, पण बिघाड नेमका तोच होता. चंद्रावरच्या रात्री पारा शून्याखाली शंभर अंशांच्याही पार उतरतो आणि त्या थंडीत यंत्रांना ऊब देणारी कसलीच सोय बरोबर दिलेली नव्हती. आता चांद्रयान-४ ला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे आणि ते चंद्राची माती घेऊन परत येणार आहे. पाचव्या प्रश्नाची तड शेवटी इस्रोलाही लावावीच लागली.

खगोलशास्त्राची आवड असलेली मुंबई-पुण्याची मंडळी थंडीच्या दिवसांत कोकणात आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. इथे दिवे कमी, समुद्राकडची बाजू काळोखी आणि पाऊस संपलेला. पाहुणे तयारी करून येतात ती कृष्णविवरांची, महास्फोटाची, फार तर परग्रहावरच्या जीवसृष्टीची. शाळेच्या मैदानात दुर्बिणीसमोर रांग लागते आणि पहिलाच माणूस डोळा लावून विचारतो, ‘ह्यां चित्र कोणी चिकटवल्यान?’

दुर्बिणीतून शनी पहिल्यांदा पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा संशय येतोच. काळ्याभोर वर्तुळात मधोमध एक लहानसा पिवळसर ठिपका आणि त्याला सुबक कडे. पुस्तकातल्या चित्रासारखाच, म्हणजे बनावट असणार. मग रांगेतली एखादी आजी पदराने भिंग पुसायला जाते, आयोजक धावतो, आणि तेवढ्यात शनी दृश्यातून सरकून नाहीसा होतो. ‘पळालो!’ अशी आरोळी उठते. पळालेला असतो तो शनी नव्हे, मैदान. मालवणच्या अक्षांशावर पृथ्वी स्वतःभोवती फिरताना माणसांना, माडांना आणि शाळेला ताशी सुमारे सोळाशे किलोमीटर वेगाने पूर्वेकडे नेत असते. हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मालवण-कणकवली एसटी एवढी हादरते, मग ह्या वेगात कपातला चहा सांडत कसा नाही? हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा असा आहे. पृथ्वी फिरते हे मान्य करायला जगातले मोठमोठे पंडित शतकानुशतके का कू करत होते ते नेमके ह्याच शंकेमुळे. वेग एकसारखा असेल तर तो अंगाला जाणवत नाही, जाणवतो तो ब्रेक आणि खड्डा, हे गॅलिलिओने पटवून द्यायला सतरावे शतक उजाडले. पृथ्वीच्या वाटेवर खड्डे नाहीत, एवढाच एसटीच्या मार्गाशी फरक.

२०२५ मध्ये तर शनीने आयोजकांची पुरती अब्रू काढली. त्या वर्षी शनीची कडी पृथ्वीवरून अगदी धारेवर दिसत होती, म्हणजे जवळजवळ दिसतच नव्हती. दर सुमारे पंधरा वर्षांनी असे होते. लोकांना कडे दाखवतो म्हणून बोलावलेले आणि समोर नुसती गोळी. ‘कडां खय गेला?’ ह्यावर आयोजकाचा चेहरा कसनुसा झाला असेल तर त्याने फार मनाला लावून घेऊ नये. १६१० मध्ये गॅलिलिओला शनीच्या दोन्ही बाजूंना दोन गोळे दिसले होते आणि १६१२ मध्ये ते नाहीसे झाल्यावर शनीने आपली पोरे गिळली की काय, अशी शंका खुद्द त्यालाही आली होती. उत्तर सापडायला पुढे हायगेन्सची वाट पाहावी लागली.

गॅलिलिओचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगायला हरकत नाही. हा थोर माणूस मालवण बंदरावर नापास झाला असता. १६३२ च्या आपल्या ग्रंथात त्याने भरती-ओहोटीचा चंद्राशी संबंध जोडणाऱ्या केप्लरला बोल लावले आहेत. भरती येते ती पृथ्वीच्या हलण्यामुळे, असे त्याचे म्हणणे. कोकण किनाऱ्यावर मात्र जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत आली आहेत. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचारला भरती. बंदरागणिक थोडे मागेपुढे होते, पण हिशेब चालतो, कारण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तिथीमागे पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. न्यूटनचे गणित न शिकता न्यूटनच्या उत्तराच्या पाच मिनिटे अलीकडे येऊन थांबणे हे काही कमी नाही.

ह्याच बंदरावर विचारला जाणारा एक प्रश्न मात्र चांगल्या चांगल्यांना घाम फोडतो. चंद्र पाणी ओढतो हे कबूल, पण चंद्र एक आणि दिवसाला भरत्या दोन कशा? चंद्र पायाखाली पृथ्वीच्या पलीकडे गेलेला असतानाही इथे पाणी चढते ते कोणाच्या ओढीने? उत्तर असे की चंद्राची ओढ जवळच्या पाण्याला जास्त, पृथ्वीच्या गोळ्याला मध्यम आणि पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. गोळा पुढे खेचला जातो, पलीकडचे पाणी मागे राहते, आणि मागे राहिलेल्याचाही फुगवटा होतो. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकतात. बंदरावर ते एका ओळीत उरकत नाही, वाळूत तीन वर्तुळे काढावी लागतात.

मिरगाचे तसेच. जूनच्या सात-आठ तारखेला मिरग लागतो, कोंबडा कापला जातो, पेरणीची घाई होते. एखादी चौकस पोरगी रात्री खळ्यात उभी राहून आईला विचारते, मिरग लागलो तर आकाशात दाखव. आणि मृग कुठेच नसतो. नसणारच. मिरग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला, म्हणजे ते नक्षत्र दिवसा सूर्यासोबत उगवते आणि त्याच्याबरोबरच मावळते. ज्या पंधरवड्यात मृगाचे नाव प्रत्येकाच्या तोंडी असते, त्याच पंधरवड्यात तो दिसण्याची सोय नाही. मृग बघायचा तर दशावतारी नाटकांच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बघावा. नाटकात राक्षस यायच्या वेळेला तो डोक्यावर आलेला असतो. शिवाय अयनचलनामुळे मिरगाची तारीख सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, आणि पाऊस मात्र ऋतूच्या मागे जातो, नक्षत्राच्या नाही. ह्या सरकण्याचाच धागा धरून रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ लिहिले आणि वसंतसंपात मृगात होता त्या काळापर्यंत, इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास, वेदांचा उगम मागे नेला. कोंबड्याच्या सागोतीवर मात्र त्या ग्रंथात काही नाही.

प्रश्नांची खरी परीक्षा ग्रहणात होते. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात असे कोणी सांगितले, की सोवळ्याची काळजी असणाऱ्या घरातून विचारणा होते: म्हणजे ग्रहण सुटलेले आपल्याला आठ मिनिटे उशिरा कळते, तर आंघोळ कधी धरायची? शंका बिनतोड आहे. सुदैवाने सूर्य अडवणारा चंद्र फक्त ३,८४,००० किलोमीटरवर आहे आणि तिथून निघालेली सावली सव्वा सेकंदात इथे पोचते. एवढा उशीर कोणत्याही पंचांगाला चालतो.

ग्रहणात घरात बसायचे सोडून सूर्याकडे टक लावणारा साहेब सिंधुदुर्गाने पाहिला आहे, आणि त्याची खूण अजून जागेवर आहे. देवगड तालुक्यात वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी घेतला, हे शाळेत शिकवतात. किल्ल्यातल्या बांधीव ओट्यांबद्दल शाळेत फारसे शिकवत नाहीत. ते किल्ल्यावरच ऐकायला मिळते. हे साहेबाचे ओटे. सर नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथे दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम शोधला. म्हणून १८ ऑगस्टला इथे जागतिक हेलियम दिन साजरा होतो. ऐकणारा भारावून जातो, ओट्यावर बसून फोटो काढून घेतो.

मग एखादा मालवणी माणूस साधाच प्रश्न विचारतो: ऑगस्टात? कोकणात? सूर्य दिसलो कसो?

अमावास्येशिवाय सूर्यग्रहण होत नाही, आणि १८६८ ची ती श्रावणातली अमावास्या होती. श्रावणात विजयदुर्गाला जहाजातून यंत्रे उतरवून सूर्य बघायला येणारा साहेब एक तर वेडा असला पाहिजे किंवा त्याला कोकणाबद्दल कोणी काही सांगितले नसले पाहिजे. लॉकियर दोन्ही नव्हता. त्या दिवशी तो इथे नव्हताच. ग्रहणाचा पट्टा ह्या भागातूनच पुढे विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणमकडे गेला होता हे खरे, पण बत्तीस वर्षांचा लॉकियर तेव्हा लंडनमध्ये युद्धखात्यात कारकून होता. खगोलशास्त्र हा त्याचा सुट्टीतला नाद. सरकारी कचेरीतला एक हौशी माणूस, ज्याला सूर्यग्रहणात दिसणाऱ्या लाल ज्वाळा सूर्याच्या की चंद्राच्या, आणि त्यांत जळते काय, एवढीच चौकशी करायची होती. त्यासाठी मागवलेला नवा वर्णपटदर्शक वेळेवर आला नाही. कारागीर सांगितलेल्या तारखेला काम देत नाहीत हा अनुभव काही कुडाळ-कणकवलीपुरता मर्यादित नाही. यंत्र ऑक्टोबरमध्ये हाती पडले आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, लॉकियरला लंडनमधूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशरेषा दिसल्या. त्यांत एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या पिवळ्या रेषांजवळची, पण सोडियमची नव्हे.

ग्रहणाच्या दिवशी भारतात होता तो फ्रान्सचा ज्यूल जान्सन, गुंटूरला. रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहणाशिवायही त्या दिसतील हे त्याने ओळखले आणि दुसऱ्याच दिवशी त्या पाहून दाखवल्या. जान्सनचे पत्र आणि लॉकियरचे पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, दाखल झाले. अकादमीने वाद घालत न बसता पुढे दोघांचे मुखवटे असलेले एकच पदक पाडले.

कोकणातल्या कुठल्याही जत्रेत हे प्रकरण इतक्या सामोपचाराने मिटले नसते. कारण हेलियमच्या मानकऱ्यांची यादी इथेच संपत नाही. मछलीपट्टणमला मद्रासचा सरकारी ज्योतिषी पॉग्सन होता, त्यालाही पिवळी रेषा दिसली होती. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांशी झुंजत बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. रेषा कोणी आधी पाहिली, ती सोडियमची नव्हे हे कोणी म्हटले, ती नव्या मूलद्रव्याची असे म्हणण्याचे धाडस कोणी केले, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या नारळाचा हक्क तिन्ही ठिकाणी वेगळा निघतो. शिवाय ह्या देवाचे दर्शन पृथ्वीवर कोणाला झाले, हा आणखी एक मान उरतोच. तो विल्यम रॅम्झीचा. १८९५ च्या मार्चमध्ये क्लीव्हाइट नावाचे युरेनियमयुक्त खनिज तापवताना त्याला ती पिवळी रेषा प्रयोगशाळेत सापडली. शोधत होता तो आरगॉन.

मग विजयदुर्गाचे ओटे खोटे? मुळीच नाहीत. गोष्ट खरी आहे, फक्त तारीख तीस वर्षे अलीकडची.

२२ जानेवारी १८९८. पौष अमावास्या, त्यातून शनिवार. ग्रहण, अमावास्या आणि शनी असे तिन्ही एका दिवशी आलेले पाहून कोकणातला कुठलाही भला माणूस दाराला कडी लावून आत बसला असता. सर नॉर्मन लॉकियर, आता साठी ओलांडलेला, ‘नेचर’ साप्ताहिकाचा संस्थापक-संपादक आणि आदल्याच वर्षी ‘सर’ झालेला, त्या दिवशी विजयदुर्गाच्या किल्ल्यात यंत्रे मांडून सज्ज होता. मदतीला ब्रिटिश आरमाराच्या ‘मेल्पोमीन’ जहाजाचे अधिकारी आणि खलाशी होते आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर होते. दीड वर्षापूर्वी नॉर्वेत वाड्सोला हाच माणूस दुसऱ्या एका जहाजाचे खलाशी घेऊन ग्रहणासाठी गेला होता आणि ढगांमुळे हात हलवत परतला होता. जानेवारीचे कोकण त्याला पावले. आकाश निरभ्र.

खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांसाठी दिवस दिवस कवायती चालल्या. प्रिझम बसवलेल्या कॅमेऱ्यांवर कोणी काचा सरकवायच्या, सेकंद मोठ्याने कोणी मोजायचे, सूर्याभोवतीच्या प्रभेचे चित्र कोणी काढायचे, सगळे आधी ठरलेले. तोफा डागायला शिकलेल्या हातांत पेन्सिली दिलेल्या. ज्या किल्ल्याने दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजी आरमाराच्या तोफा खाल्ल्या, त्याच किल्ल्यात इंग्रजी आरमार सूर्याचे चित्र रंगवत बसले होते, आणि ह्यात काही विनोद आहे असे त्यांच्यापैकी कोणाला वाटल्याची नोंद नाही.

त्या दिवशी नुसते विजयदुर्गच गजबजले होते असेही नाही. सोलापूरकडे जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल तळ देऊन होता, पुण्याचे कावसजी नायगमवाला आपल्या सरंजामासह तिथेच होते. विदर्भात तळणीला माउंडर आणि इंग्लंडची हौशी मंडळी उतरली होती. नेव्हिल मॅस्किलीन नावाचा जादूगार चक्क सिनेमाचा कॅमेरा घेऊन भारतात आला होता. त्याने ग्रहणाचे चित्रीकरण केले आणि परतीच्या वाटेवर ती फिल्म चोरीला गेली. जादूगाराच्या पेटीतून सूर्य नाहीसा करणारा तो चोर अखेरपर्यंत सापडला नाही.

किल्ल्यावर १८६८ आणि १८९८ ची सरमिसळ कशी झाली हे ओळखायला मोठा इतिहासकार नको. साहेब एकच, ग्रहणे दोन, किल्ला तोच. मधली तीस वर्षे गोष्ट सांगताना गाळली की कथा आटोपशीर होते. आणि गाळली नाही तर? तर गोष्ट उलट जास्त रंगते: हेलियम ओळखणारा माणूस तीस वर्षांनी, नोकरी बदलून, किताब मिळवून, नॉर्वेत तोंडघशी पडून, त्याच सूर्याकडे आणखी काही विचारायला विजयदुर्गाला आला. पाचही प्रश्न लागू पडतात आणि पाचांचीही उत्तरे आहेत. परत केवा, ह्याचेसुद्धा.

हौशी प्रश्नांना मराठीत मानाने वागवणारे लोक होऊन गेले. मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ अशा नावाचे पुस्तक सामान्य वाचकांसाठी लिहिले. विजयदुर्गाच्या ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी ते गेले. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल, असे सांगत. मुले प्रश्न पाठवत आणि उत्तरे येत. ज्या जिल्ह्याचा संसार पिढ्यान्पिढ्या मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालला, तिथल्या माणसाला टपालाने येणाऱ्या विश्वाच्या उत्पत्तीचे नवल वाटू नये.

आता हेलियम सगळीकडे मिळतो. विश्वातल्या दृश्य पदार्थात वजनाने सुमारे एक चतुर्थांश वाटा त्याचा आहे. एमआरआय यंत्रातले चुंबक थंड ठेवायला तो लागतो आणि वाढदिवसाच्या फुग्यांतही तोच असतो. फुगा हातातून सुटला की पोरगे रडते, फुगा फुटतो, आणि आतला वायू वर वर जात अखेर पृथ्वी सोडून अवकाशात निसटतो. जमिनीखाली किरणोत्सारी खनिजांतून तो अतिशय सावकाश तयार होतो, म्हणजे निसटलेल्या फुग्याची भरपाई व्हायला कोट्यवधी वर्षे. त्यामुळे फुगा परत केवा, ह्या प्रश्नाचे उत्तर पोराला न सांगितलेलेच बरे.

पुढचे काम २ ऑगस्ट २०२७ चे. इजिप्तमध्ये लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकला जाईल आणि जगभरचे ग्रहणवेडे तिकडे धावतील. कोकणात ते खंडग्रास दिसेल, दुपार कलल्यावर, पावसाने कृपा केली तर. खगोलप्रेमी आत्तापासून काळ्या चष्म्यांचा विचार करत आहेत. पंचांग उघडून बसलेल्यांच्या मात्र दुसरेच लक्षात आले आहे. ती आषाढाची अमावास्या, म्हणजे गटारी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. त्यातून वार सोमवार, आणि संध्याकाळच्या आत ग्रहण. पृथ्वी, चंद्र आणि सूर्य एका रेषेत कसे येतात ते शाळकरी पोरसुद्धा सांगेल, पण मटाण केवा शिजवूचा, ह्याचे गणित एकाही वेधशाळेने मांडलेले नाही. वाडीतल्या बैठकीत ते सुटले आहे: आदल्या दिवशी रविवार आसा.